आधी घासायचं, मग गोळी

गंजलेल्या पत्र्याला हात लावला की बोटांना वास राहतो. साबणानं जात नाही.

फळीवर पाच कप. पाचव्याच्या कानावर लाल ठिपका, गाडीच्या रंगाचा, वाळून टणक झालेला.

काढ्यावर तवंग येतो. तो बाजूला सारू नये म्हणे, सगळा गुण त्यातच.

पुट्टी ओली असताना घाई केली की पुढं पोपडे.

"आजच," गोळ्यांची बाटली हातात देताना नर्स म्हणाली होती. "उद्यावर टाकू नका."

धाकटा पेंटर, थोरला डेंटर. थोरल्यानं ठोकून पत्रा सरळ करायचा, धाकट्यानं रंगवायचा. खाली दोघांचं गॅरेज, वर घर. धाकट्याच्या रक्तात एचआयव्ही निघाला, तेव्हा त्यानं सगळ्यांत आधी थोरल्यालाच सांगितलं. थोरल्यानं रडारड केली नाही. गोळ्यांची बाटली उलटसुलट करून पाहिली आणि चेपलेल्या मडगार्डकडे बघावं तसं भावाकडे बघितलं.

"गंजावर रंग मारतोस का तू?"

"नाही."

"मग? आधी घासायचं. आतून स्वच्छ होऊ दे, अंग धरू दे, मग असल्या कडक गोळ्या. कुजक्या पत्र्यावर मारशील तर पत्राच जाईल."

धाकट्याला पटलं. इथंच माती खाल्ली. बापानं दोघांना फटके देऊन शिकवलेला हा एकच नियम, आणि त्याच नियमावर गॅरेजचं नाव होतं. बाटली थिनरच्या डब्यामागं गेली आणि काढा सुरू झाला.

काढा थोरल्याच्या ओळखीतल्या कुणा जाणत्याचा. रंग गटाराचा, वास ओल्या गोणपाटाचा. घोट उतरला की पोटात ढवळायचं, मग दिवसभर संडासाच्या वाऱ्या.

"निघतंय बघ!" थोरला दाराबाहेरून खुशीत ओरडायचा. "सगळी घाण निघतेय!"

घाण कसली, जेवण निघत होतं. धाकटा आत गुडघे धरून बसलेला, घामानं निथळलेला, नाकात स्वतःचाच वास.

वहिनीची तऱ्हा निराळी. त्याचा टॉवेल ती चिमट्यानं उचलायची. तो खुर्चीवरून उठला की फिनेलचं फडकं हजर, तेही त्याच्या डोळ्यांदेखत. त्याच्या कपावरचा लाल ठिपका तिनंच दिलेला, त्याच्याच ब्रशनं.

"भावजी, वाईट वाटून घेऊ नका हं," ती साखरेच्या सुरात म्हणायची. "घरात लेकरं आहेत."

लेकरं बाहीला शेंबूड पुसत त्याच खुर्चीवर चढायची. शेंबडाची किळस कुणालाच नव्हती.

मग एका सकाळी दुरुस्तीला आलेल्या गाडीच्या आरशात त्यानं जीभ बाहेर काढून पाहिली. वर पांढरा थर, नासलेल्या दुधासारखा. नखानं खरवडला तर खाली लालभडक. आवंढा गिळताना काटे टोचत होते. हे तोंड आपलं आहे, याचीच त्याला शिसारी आली.

त्यानं थोरल्याला जीभ दाखवली. थोरल्यानं वाकून बघितलं.

"वा! प्रायमर काय छान बसलाय!"

विनोद वाईट नव्हता. एरवी धाकटाही हसला असता. तो हात पुसून थेट दवाखान्यात गेला.

"गोळ्या कशा चालल्यात, पेंटर?" नर्सनं विचारलं.

"अजून घेतल्या नाहीत, सिस्टर." त्यानं जीभ दाखवली आणि घासण्याचा नियम सांगितला. सांगताना आवाज हुबेहूब थोरल्याचा निघाला, आणि त्याला त्या आवाजाचीही किळस आली.

"घासताना तुमची गाडी चालू असते की उभी?"

"उभीच असते."

"हा विषाणू उभा राहत नाही हो. तुम्ही काढे ढोसत बसलात, तोवर हा वाढत होता. अंग धरल्यावर गोळी घ्यायची नसते, गोळीनं अंग धरतं. जिभेवर आलंय ना, ती त्या उशिराची पावती."

डॉक्टरांनी छाती तपासली, जिभेसाठी वेगळं औषध दिलं आणि म्हणाले, "बाकी अडचण नाही. आज सुरू."

"आणि एकाच कपातून प्यायल्यानं हे लागत नाही, घरी सांगा," नर्स म्हणाली.

"सांगून झालंय."

"मग परत सांगा."

गॅरेजात थोरला काढ्याचा पेला धरून उभाच होता. धाकट्यानं तो घेतला आणि मोरीत ओतला.

"अरे शहाण्या! मध्येच सोडलंस तर सगळं केलेलं पाण्यात!"

धाकट्यानं डब्यामागची बाटली काढली, धूळ पुसली, सील तोडलं. समोर थोरल्याचा चहाचा ग्लास होता, तळाशी घोटभर चहा उरलेला. त्यानं चहा फेकला, त्यातच पाणी घेतलं आणि गोळी घशाखाली ढकलली. दुखलं. डोळ्यांत पाणी आलं. उतरली.

थोरला गोळीकडे बघतच नव्हता. तो ग्लासाकडे बघत होता.

"दे इकडे." त्यानं ग्लास दोन बोटांत, अंगापासून लांब धरला, मेलेला उंदीर धरावा तसा, आणि थिनरच्या चिंध्यांच्या पिंपात सोडला. "तडा होता त्याला."

तडा नव्हता.

"उद्याही घेणार आहे," धाकटा म्हणाला. "परवाही. किती ग्लास फेकशील, दादा?"

थोरला हात धुवायला गेला. बराच वेळ धूत राहिला.

त्या वर्षी उन्हाळ्यात थोरल्याला ताप आला होता. डॉक्टरनं लिहिलेली गोळी त्यानं, आधी काही न घासता, औषधाच्या दुकानाच्या पायरीवरच गिळली होती.