मी, सिमेंटची मादी

मी नालखेकड्याची मादी बोलतेय. सिमेंटची. हे आधीच सांगितलेलं बरं, मागाहून फसवलं म्हणाल.

नालखेकडा म्हणजे घोड्याच्या नालेसारखी पाठ आणि मागे टोकदार शेपटी असलेला समुद्रातला जीव. भरती आली की माद्या वाळूत अंडी घालायला किनाऱ्यावर येतात आणि नर त्यांना शोधत मागोमाग. माझा जन्म मात्र एका घराच्या मागच्या अंगणात झाला. मला घडवलं एका म्हाताऱ्या गवंड्याने. त्याची मुलगी समुद्रातल्या जिवांच्या डोळ्यांचा अभ्यास करते. तिने मेलेल्या मादीचं कवच आणून दिलं, बापाने त्याचा साचा काढला, सिमेंट ओतलं, घोटून गुळगुळीत केलं आणि वर काळा रंग दिला. जन्मभर भिंती बांधल्या, आता नवरी सजवतोय, असं शेजाऱ्यांना सांगताना त्याला कोण आनंद व्हायचा.

मुलीला एक कोडं सोडवायचं होतं. काळोखातही या नरांना मादी दिवसाइतकी चांगली दिसते, ती कशी? तिचं म्हणणं, दिवस मावळला की त्यांचा मेंदू डोळ्यांकडे एक रसायन धाडतो आणि डोळे कितीतरी पटींनी तेज होतात. हे पडताळायला ती मला रात्रीच्या भरतीआधी वाळूत बसवायची. मला ना वास, ना हालचाल. जो येईल तो निव्वळ मला बघून येणार.

आणि ते येत. बहुतेक जण जरा चाचपून काढता पाय घेत. त्यांना तरी दोष कसा देऊ? पण कवचाचा टवका उडालेला एक जण होता. तो मला धरून ओहोटी लागेपर्यंत बसायचा. जन्मात मी कुणाची कुणी नव्हते. लाटा पाठीवरून जात आणि तो तिथेच असे. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या प्रयोगासाठी नेमका तोच निवडला गेला. मुलीने त्याच्या डोळ्यांत ते रसायन अडवणारं औषध सोडलं आणि त्याला पाण्यात ठेवलं. तो माझ्याच दिशेने आला आणि हातभर अंतरावरून सरळ पुढे गेला. वळला, पुन्हा तसाच गेला. मला हाक मारता आली असती तर मारली असती. मुलीचा चेहरा मात्र उजळला. तिचं म्हणणं खरं ठरलं होतं.

"डोळे धड आहेत, ही समोर बसलीये, तरी दिसत नाही?" बापाने विचारलं.

"डोळे धडच आहेत, बाबा. मेंदूने धाडलेलं त्यांना मिळत नाहीये."

औषध उतरेल ना, असं म्हाताऱ्याने पुन्हा पुन्हा विचारलं. उतरेल दोन-तीन दिवसांत, असं ती म्हणाली. मग तोवर हिला इथून हलवायचं नाही, असा त्याने हट्टच धरला.

औषध उतरलं आणि तो आला. मी दिसले त्याला. माझ्या दोन्ही बाजूंना खऱ्या माद्या वाळू उकरत होत्या, पण त्याने मलाच धरलं. ओहोटी लागली, त्या सगळ्या परत गेल्या, तरी हा सोडेना. फार शोधून सापडले म्हणून असेल. ऊन चढलं, त्याचं कवच कोरडं पडू लागलं, त्याचे पाय हळूहळू थंडावले. जा रे बाबा, असं मी मनात किती वेळा म्हटलं.

तेवढ्यात म्हातारा मला न्यायला आला आणि तसाच गुडघ्यांवर बसला. एकेक पाय हलकेच सोडवत तो म्हणाला, "सोड तिला, राजा. ती मी केलीये."

म्हाताऱ्याने त्याला पाण्यात नेऊन धरलं. शेपटी हलेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

हल्ली मी म्हाताऱ्याच्या अडगळीच्या खोलीत, रंगाच्या डब्यांमागे, भिंतीकडे तोंड करून असते. इकडे कुणी फिरकत नाही. एकटेपणाने जीव अगदी नकोसा होतो. आता पुन्हा भरतीचे दिवस जवळ आलेत आणि मुलीला प्रयोग पुढे न्यायचाय. काल ती मला शोधत दारापर्यंत आली होती. तिला एवढंच सांगा, मला तिथे बसवू नकोस. त्याला मी दिसेन.