चार बाद स्लाइड

जाण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी आपल्या डब्यातली भाजी लेकीच्या डब्यात ढकलली, "तुझ्या आईचं हल्ली मिठाशी भांडण आहे" म्हणाले आणि हात धुऊन पुन्हा यंत्रापाशी बसले. बत्तीस वर्षं ते या प्रयोगशाळेत काप करत होते. मेणात बसवलेल्या ऊतीच्या तुकड्याचा केसाहून पातळ काप घ्यायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा आणि अलगद काचेच्या स्लाइडवर उचलायचा. सगळे त्यांना काका म्हणत. लेक तिथेच संशोधक म्हणून लागली, तेव्हा ती आपली मुलगी आहे हे त्यांनी महिनाभर कुणाला सांगितलं नव्हतं; आणि सांगितलं त्या दिवशी घरी येताना ते चुकून पुढच्या थांब्यावर उतरले होते.

दुपारी चार स्लाइडनी तिचा जीव खाल्ला. तिच्या औषधाने उंदरांमधला कॅन्सर पसरायचा थांबतो, असं तिला दाखवायचं होतं. त्यासाठी लसिका ग्रंथींमध्ये, म्हणजे पसरणारा कॅन्सर आधी जिथे पोचतो तिथे, केराटिन शोधायचं. हे कातडी-नखांतलं प्रथिन; कॅन्सरच्या त्या पेशींतही ते असतं, ग्रंथीत मात्र त्याला काही काम नसतं. मोनोक्लोनल अँटिबॉडी नेमकी केराटिनलाच धरते, आणि जिथे धरते तिथे तपकिरी रंग उठवता येतो. औषध दिलेल्या उंदरांच्या ग्रंथी कोऱ्या दिसायला हव्या होत्या. चार स्लाइडवर तपकिरी ठिपके होते.

"बाबा, हातमोजे काढले होते ना?"

"सकाळी यंत्र पुसताना. काप उचलताना नाही."

"हात बघा तुमचे. भेगा पडल्यात नुसत्या. कातडीचा भुगा पडत असणार सगळीकडे, आणि तोही केराटिनच."

"भुगा असेल तर कापाच्या वर बसेल. फोकसचं चाक जरा फिरव. काप जिथे स्पष्ट दिसतो तिथेच ठिपकाही स्पष्ट दिसला, तर तो आतला. शिवाय भुग्यातल्या पेशींना केंद्रक नसतं, डॉक्टरीणबाई. हे मी सांगायचं होय तुला?"

"मला शिकवू नका."

शेजारच्या टेबलावरचे दोघे एकदम फार मन लावून काम करू लागले.

तिने नोंदवहीत लिहिलं: चार स्लाइड बाद, कारण काप करणाऱ्याच्या त्वचेचे कण. संध्याकाळी प्रत्येक नोंदीखाली बाबांची सही लागे. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि सही केली.

बसमध्ये म्हणाले, "रागावलीस?"

"नाही."

"मग खिडकीची जागा दे."

तिने दिली. सकाळी दाढी करता करता ते स्टुलावर टेकले, ते उठलेच नाहीत.

पाच आठवड्यांनी प्रयोगशाळेच्या प्रमुख, मॅडम, तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काकांचं वाईट वाटतंच गं. पण शेवटी शेवटी हात दमले असणार. तुझी ती नोंद वाचल्यापासून माझ्या डोक्यात आहे, त्यांचे वर्षभरातले सगळे काप बाद धरावेत. सोमवारी बैठकीत ठरवू."

तिने मान डोलावली. घरी आईला सांगितलं, तर आई भाजी निवडता निवडता थांबली.

"जायच्या आदल्या रात्री मी त्यांना विचारलं होतं, पोरीचं काय बिनसलंय. तर म्हणाले, दमलीये. दोन दिवसांनी स्वतःच बघेल."

सोमवारी ती तासभर आधी पोचली. पेटीतून चारही स्लाइड काढल्या आणि पहिली मायक्रोस्कोपखाली ठेवली. काप स्पष्ट झाला आणि त्याच क्षणी ठिपकेही. ते घोळक्याने बसले होते, प्रत्येक तपकिरी पेशीच्या पोटात निळं केंद्रक. दुसरी तशीच, तिसरीही. चौथी लावताना तिला आठवलं, त्या दिवशीही तिचा हात चाकावरच होता. फिरवायला अर्धं मिनिट लागलं असतं. कामाच्या गडबडीत राहून गेलं, असं ती पाच आठवडे स्वतःला सांगत आली होती. ते खरं नव्हतं. काय दिसेल ते तिला ठाऊक होतं.

बैठकीत मॅडमनी नोंदवही उघडी करून टेबलावर ठेवली. "भावनेचा प्रश्न नाही. नोंद तुझ्या हातची आहे, आणि खाली काकांची सही आहे. म्हणजे त्यांनाही मान्य होतं."

"मान्य नव्हतं," ती म्हणाली. ती उभी राहिली. "त्यांचे काप चांगले आहेत. मी आत्ता बघून आले. ठिपके ग्रंथीतलेच आहेत. त्या चार उंदरांत माझं औषध चाललेलं नाही."

"मग ही नोंद?"

"खोटी आहे. कसं तपासायचं ते त्यांनी मला सांगितलं होतं, मी मुद्दाम तपासलं नाही. मला ते ठिपके नको होते. म्हणून मी ते बाबांच्या हातांवर ढकलले."