शिव्यांचा कोश आणि एक व्हायरस

हिने आयुष्यभर खपून शिव्यांचा कोश तयार केला. निम्मं संशोधन माझ्यावरच झालं, त्यामुळे त्याच्या अस्सलपणाची मी खात्री देतो. उच्चार कळावेत म्हणून हिच्याच आवाजातली रेकॉर्डिंगंही जोडली होती. घरचा कॉम्प्युटर जळाल्यामुळे सगळं आता एकाच पेनड्राइव्हवर उरलं होतं. तो घेऊन आम्ही छापखान्यात गेलो.

छापखानेवाल्याने पेनड्राइव्ह लावला. आत कोशाचं फोल्डर नव्हतं, त्याच नावाचा शॉर्टकट तेवढा होता आणि तो उघडेना.

"काकू, व्हायरसने सगळं खाल्लं. फॉरमॅट करून देतो."

"हात तर लावून बघा! आधी आत जागा किती शिल्लक आहे ते दाखवा."

त्याने दाखवलं. पेनड्राइव्ह जवळजवळ भरलेला होता.

"खाल्लं असतं तर जागा मोकळी झाली असती. घरात कोणी नाही, असं कोणी आतून ओरडून सांगतं का? मेल्याने नुसतं लपवलंय!"

छापखानेवाल्याने अँटीव्हायरस चालवून व्हायरस काढला आणि लपवलेल्या फायली दिसतील अशी सेटिंग केली. फोल्डर हजर! कोश अक्षरशः जसाच्या तसा. त्याने लगेच दोन ठिकाणी कॉपी केली.

मग हिने व्हायरस बनवणाऱ्याचा उद्धार सुरू केला. छापखान्यातली सगळी माणसं काम सोडून ऐकायला आली.

"काकू, जरा सावकाश," छापखानेवाला उघडलेला कोश चाळून कीबोर्ड पुढे ओढत म्हणाला, "यातल्या बऱ्याच शिव्या कोशात नाहीत. मी टाइप करतोय."