दिव्यासाठी बुजवलेलं रोशनदान

मी एक रोशनदान. परभणीच्या एका लिंगायत बोर्डिंगात, पोरांच्या निजायच्या खोलीत, छपराखाली बसवलेलं. दोन वीत रुंद, बस्स. गवंड्यानं मला ठेवलं ते खालच्या वीस पोरांचा हिशेब धरून. त्यांचा कोंदट श्वास बाहेर सोडायचा, ताजी हवा आत घ्यायची, हे माझं काम. कुणी कौतुक केलं नाही, मलाही हौस नव्हती.

मग रझाकारांची दहशत सुरू झाली. खेड्यांतले आईबाप पोरं आणून सोडू लागले. गृहपती कल्याणराव मायाळू, त्यांना नाही म्हणवेना. विसाची साठ झाली. एकानं कूस बदलली की सगळ्या रांगेला बदलावी लागे. भीतीपोटी खिडक्यांना फळ्या ठोकल्या, दाराला अडसर घातला. उरलं एकटं मी.

कोनाड्यात बसवेश्वरांच्या तसबिरीपुढं समई असे. ती रात्रभर तेवावी, हा कल्याणरावांचा नेम. थंडीत माझ्या वाऱ्यानं ती दोनदा विझली. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यात वाकळेचं बोचकं कोंबलं.

स्वयंपाकीण भागम्मा म्हणाली, "अप्पा, त्या लिंगराजला दमा हाय. लय धापा टाकायलाय पोरगं. काढा ते."

"दिवा विझतो, भागम्मा. अशा दिवसांत अपशकुन नको."

तरी दिवा मंदच जळू लागला. कल्याणरावांना वाटलं, तेलात भेसळ आहे. त्यांनी तेल बदललं, वात बदलली. अहो, तेल नाही, हवा संपलीय! पण तोंडात वाकळ कोंबलेल्यानं ओरडायचं कसं? आजही त्याचा संताप येतो.

संक्रांतीच्या सकाळी भागम्मानं दार उघडलं. समई तेलानं भरलेली आणि विझलेली. पोरं डोकी धरून उठली. लिंगराज उठला नाही. भिंतीला टेकून बसल्या बसल्याच गेला होता, तोंड माझ्याकडं करून.

कल्याणरावांनी शिडी लावून बोचकं ओढून काढलं. भागम्मा पदरात तोंड खुपसून म्हणाली, "दिवा परत लावता आला असता की, अप्पा."

दुपारी पालमहून लिंगराजचा बाप आला. पोर इथं तरी सुखरूप राहील म्हणून त्यानंच आणून सोडलं होतं.

"रझाकार आल्ते का?" त्यानं विचारलं.

कल्याणरावांनी हात जोडले. "नाही. मीच."

आता मी उघडं आहे. खाली अजून एकोणसाठ पोरं निजतात. वाऱ्यानं दिवा विझतो, कल्याणराव मुकाट्यानं उठून लावतात. थंडी वाजली तर एका वाकळेत दोघं निजा बाबांनो, पण मला बुजवू नका.