मालोजीच्या मोटारीचा कासरा

चिंचवडच्या गावठाणात मोटार घेणारा पहिला शेतकरी मालोजी, आणि त्या मोटारीत पुन्हा कधी बसणार नाही अशी शपथ घेणारी पहिली बाई त्याचीच बायको कुशाबाई. दोन्ही मान एकाच घरात आल्यामुळे त्रेपन्न साली गावाला पारावर बसून चघळायला दुसरा विषय लागला नाही.

मोटार पुण्याच्या एका निवृत्त साहेबाची होती. साहेबाच्या ड्रायव्हरनं मालोजीला चार दिवस शिकवलं. ज्यानं मिसरूड फुटायच्या आधीपासून बैल हाकले, त्याला चार दिवससुद्धा जास्तच झाले असं मालोजीचं मत. पाचव्या दिवशी त्यानं कुशाबाईला शेजारी बसवलं आणि थेरगावाकडे फेरी काढली. वाटेत म्हैस आडवी आली, म्हैस वाचली आणि मोटार उसात गेली. कुशाबाईच्या मांडीवर दह्याचं गाडगं होतं, ते डोक्यावर आलं. दही निथळत ती उसातून बाहेर पडली आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मेले तरी ह्या डबड्यात बसायची न्हाई!"

"स्टेरिंग ढिलं हाय त्याचं," मालोजी म्हणाला. "माजा काय दोष?"

स्टेअरिंग खरोखरच ढिलं होतं, आणि ते दिवसेंदिवस जास्तच ढिलं होत गेलं. मालोजी ते पाव फेरा फिरवायचा तरी पुढच्या चाकांना पत्ता नसायचा. मोटार रस्त्यानं सरळ जाण्याऐवजी दोन्ही बाजूंची शेतं बघत बघत जायची.

अशात चाकणची जत्रा आली. चाकण कुशाबाईचं माहेर. ढिल्या स्टेअरिंगची बातमी तिकडेही पोचली होती, म्हणून तिच्या भावानं, अर्जुनरावानं, निरोप धाडला : 'आक्कासाठी बैलगाडी पाठवतो. दाजींनी मोटार हवी तर मागनं ढकलत आणावी.' हा निरोप मालोजीला फार झोंबला. बावीस वर्षांच्या संसारात कुशाबाईनं त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. तिला माहेरच्या वेशीत मोटारीतून उतरवायचं, ही एकच हौस त्यानं आपणहून धरली होती, आणि तिच्यावर आता मेहुण्याची बैलगाडी चालून येत होती.

"स्टेरिंग नीट झालं तर बसशील का?" त्यानं विचारलं.

"आधी नीट करा, मग बगू," कुशाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. एवढ्या आशेवर मालोजीनं जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळीच गेनू सुताराला बोलावून आणलं.

गेनूनं पंचक्रोशीतल्या निम्म्या बैलगाड्या बांधल्या होत्या. मोटार त्यानं कधी उघडून पाहिली नव्हती, पण तसं कबूल करायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्यानं मोटारीभोवती दोन चकरा मारल्या, टायरला लाथ घातली आणि निदान सांगितलं, "सांधा ढिला पडलाय. पाचर मारू."

बाभळीची पाचर तासून त्यानं खालच्या एका सांध्यात ठोकली. मोटार अंगणात चालवून पाहिली तेव्हा ती फक्त डावीकडे वळू लागली. तीन वेळा तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घालून झाल्यावर मालोजीनं ती कशीबशी थांबवली आणि गेनूनं गुपचूप पाचर उपटली. मग दोघांनी मिळून दिसेल त्या सांध्यात वंगण भरलं. त्यानं दोघांची धोतरं काळी झाली, बाकी फरक पडला नाही.

"एकानं वर स्टेरिंग हलवायचं, दुसऱ्यानं खालनं बगायचं," गेनूला अखेर सुचलं. "जे नुसतंच हलंल आन चाकाला हलवणार न्हाई, तिथं दुखनं."

दिवसभरातलं हे पहिलं शहाणपणाचं बोलणं होतं. गेनू खाली शिरला. मालोजीनं स्टेअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून डावीउजवीकडे केलं.

"कायच ढिलं दिसंना," खालून आवाज आला.

मग मालोजी खाली गेला आणि गेनू वर बसला. तरी सगळे सांधे घट्टच दिसले. उन्हं उतरायला लागली. मालोजीच्या डोळ्यांपुढे मेहुण्याची बैलगाडी दारात उभी राहिली, आणि तिच्यात खुशाल चढून बसलेली कुशाबाईही दिसली. त्याला खरोखर रडू येईल असं वाटलं.

ओसरीवरून हा तमाशा बघणारी कुशाबाई पदर खोचत उठली. "सरका. मी हलवते."

"तू बसनार न्हाई म्हनालीस न्हवं?"

"बसत न्हाईच मी. हुबी ऱ्हाते."

शपथ म्हणजे शपथ. गेनू उतरून पुन्हा खाली शिरला, तसं तिनं दार उघडलं, बाहेरच्या पायरीवर उभी राहिली, आत एक हात घातला आणि रोज पहाटे जातं फिरवावं तसं स्टेअरिंग फिरवलं, एकदा इकडे, एकदा तिकडे, अगदी हलक्या हातानं.

खाली खडखड, खडखड वाजू लागलं.

"घावलं!" गेनू ओरडला. मालोजीही वाकून खाली शिरला. स्टेअरिंगचा दांडा खाली ज्या लोखंडी पेटीत जातो, ती पेटीच गाडीच्या सांगाड्यावर डुलत होती. तिला आवळणाऱ्या चार बोल्टांपैकी तीन सैल झाले होते आणि चौथा गायबच होता.

"पर मगाशी कसं दिसलं न्हाई?" मालोजी म्हणाला.

गेनूनं पेटीवर हात फिरवला. "भोकं मागल्या अंगाला झिजल्यात. हिला कुनीतरी रोज मागं वढतंय. आपुन दोगंबी जोर लावताना छातीकडं वढत हुतो, म्हनून पेटी ताठ बसायची."

"म्हस आली तवा काय केलंत?" कुशाबाईनं वरून विचारलं. "'होऽ होऽ' म्हनत स्टेरिंग वढत मागं रेलला. बिरेकवर पाय पडला तो उसात गेल्यावर. मी शेजारीच हुते."

कासरा ओढला की जनावर थांबतं, हे मालोजीच्या हातांना इतकं पाठ होतं की मोटारीचाही त्यानं कासराच केला होता. दर थांब्याला ओढून ओढून पेटी त्यानं स्वतःच उखडली होती. आता तो पुरता मेला, असं त्याला वाटलं. इतके दिवस दोष लोखंडाचा होता. आता तो त्याचा ठरला, आणि कुशाबाईकडे त्याचा पुरावाही आला.

लोखंडी नांगराचा एक बोल्ट काढून गेनूनं चौथ्या भोकात बसवला, बाकीचे तीन पान्यानं करकचून आवळले. वर बोटभर हललं की खाली चाकं हलू लागली. मालोजी मात्र मान खाली घालून हात पुसत राहिला.

"उद्या बैलगाडीनंच जा तू," तो म्हणाला.

"का?"

"खोट माज्यात निगाली."

"लोखंडात असती तर बसले नसते. ते कवा दगा दील, काय कळतंय?" कुशाबाई म्हणाली. "तुमची खोड मला ठावं हाय. तिच्यावर मी नजर ठेवीन."

दुसऱ्या दिवशी दारात आलेली बैलगाडी रिकामी परत गेली आणि मोटार भोसरी-मोशीवरून शहाण्यासारखी निघाली. 'स्टेअरिंग कुणी दुरुस्त केलं?' असं मेहुण्यानं विचारलं तर 'मी' म्हणायचं, याची मालोजीनं वाटभर मनात तालीम केली. चाकणच्या वेशीत गर्दी होती. एकदम शिंगं रंगवलेला बैल पुढ्यात आला. मालोजीचे हात आपोआप मागे गेले.

"पाय!" कुशाबाई कडाडली.

मालोजीनं पाय दाबला. मोटार अर्जुनरावापासून हातभर अंतरावर थांबली.

"वा दाजी!" अर्जुनराव पटक्याला हात लावत म्हणाला. "स्टेरिंग कुनी नीट केलं?"

मालोजीनं कुशाबाईकडे पाहिलं. ती पदर सारखा करत होती. तिच्याकडे सांगण्यासारखं खूप होतं, पण उत्तर तिनं त्याच्यावरच सोडलं होतं. मग मालोजीला स्वतःचीच लाज वाटली.

"तुज्या बहिनीनं," तो म्हणाला. "मी मोटारीचा कासरा वढत हुतो. तिनं खोड धरली."

वेशीतली झाडून सगळी माणसं हसली. अर्जुनराव तर हसता हसता खाली बसला. डोळे पुसत तो म्हणाला, "आक्का, परत जायला बैलगाडी जुपून ठेवतो गं!"

"गाडी ऱ्हाऊ दे तुजी," कुशाबाई मोटारीतून उतरत म्हणाली. "जाताना दह्याचं गाडगं तेवढं दे. काठोकाठ भरलेलं. मांडीवर घिऊन बसनार हाय मी."