मतदानानंतरचा सोमवार

मी एक जुना दिवाण आहे. तपकिरी गाईच्या कातड्याचा, डोक्याकडे थोडा उंच, पायाकडे उसवलेला. आमच्या ब्युनोस आयर्समध्ये मनाच्या डॉक्टरकडे जाण्याची कुणाला लाज वाटत नाही, त्यामुळे उमेदीच्या काळात मला उसंत म्हणून नव्हती. मित्रांनो, माझ्यावर माणसे आडवी होत ती झोपायला नव्हे, बोलायला आणि रडायला.

डॉक्टर मिर्ता यांनी मला सुताराकडून मुद्दाम करून घेतले. त्यांची खुर्ची माझ्या उशाशी, मागे असे. आडव्या झालेल्या माणसाला त्यांचा चेहरा दिसत नसे, मला मात्र सगळा दिसे. लोक म्हणत, "बाईंकडे गेलं की मनावरचं ओझं उतरतं." ओझे पेलायचो मी आणि कौतुक बाईंचे! असो.

बाईंचा एक नियम होता. ओली छत्री आणि राजकारण दाराबाहेर ठेवायचे. तो नियम मतदानानंतरच्या एका सोमवारी मोडला.

त्या दिवशी ओस्वाल्दो आले. निवृत्त बसचालक, अंगाने धिप्पाड. टोपी पोटावर धरून ते माझ्यावर आडवे झाले.

"कारिनाने मला घरी यायची बंदी केलीय," ते म्हणाले. "पोटची पोर! नातवाचा आवाजसुद्धा ऐकू देत नाही. डॉक्टरबाई, मी रोज संध्याकाळी गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभा राहतो. खाली बघत राहतो."



"पण झालं काय?" बाईंनी विचारले.

"मागं एका रविवारी तिच्याकडे मांस भाजायला जमलो होतो. निवडणुकीचा विषय निघाला..."

"राजकारण नको. मुलीबद्दल बोला."

"अहो, मुलीबद्दलच बोलतोय! लष्कराचं राज्य होतं तेव्हा जावयाच्या आईला घरातून उचलून नेलं होतं. ती परत आलीच नाही. मी एवढंच म्हटलं, उगाच कुणाला नेत नसत. काहीतरी केलंच असेल तिने."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच काळात त्यांच्या सख्ख्या भावाला कॉलेजच्या फाटकातून नेले होते. हे मला कसे ठाऊक? एकदा सगळे गेल्यावर बाई स्वतःच माझ्यावर पडून रडल्या होत्या.

मला वाटले, आता या माणसाला हाकलणार. आणि इथून निघाला की तो थेट कठडा गाठणार. त्याची बाही धरून ठेवावी असे फार वाटले, पण दिवाणाला पाय चार असले तरी हात एकही नसतो.

"उठा," बाई म्हणाल्या.

ओस्वाल्दोंनी टोपी डोक्यावर घातली. "म्हणजे तुम्हीपण घालवताय."

"नाही. माझ्याकडे तोंड करून बसा." त्यांनी खुर्ची ओढून समोर आणली. "माझ्या भावालाही असंच नेलं होतं. तुमच्या बोलण्याचा मला राग आलाय. तो लपवून मला तुमचं ऐकता येणार नाही. दुसरे डॉक्टर हवे असतील तर आत्ता फोन लावते. पण कठड्याकडे मी तुम्हाला जाऊ देणार नाही."

ओस्वाल्दोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नाव काय त्याचं?"

"रुबेन."

"रुबेन," ते हळूच म्हणाले. "इतकी वर्षं जावयाच्या घरी जेवतोय. त्याच्या आईचं नाव मी कधी विचारलंच नाही."

बाईंनी ओस्वाल्दोंच्या बहिणीला बोलावून घेतले आणि तिच्याबरोबरच त्यांना घरी पाठवले. मी आठवडाभर दाराकडे बघत राहिलो.

पुढच्या सोमवारी ते आले. "मत मी बदललेलं नाही हं!" दारातूनच म्हणाले.

"बदला म्हणून कुणी सांगितलं? बसा."

"कारिनाकडे गेलो होतो. दार बंदच होतं. बाहेरूनच जावयाला विचारलं, तुझ्या आईचं नाव काय. तो म्हणाला, एल्सा."

"मग?"

"मग त्याने दार उघडलं."

आता बाई थकल्या आहेत. लोक मोबाइलवरच मन मोकळे करतात आणि माझ्या अंगावर जुनी खोकी रचलेली असतात. मित्रांनो, माझे उसवलेले कातडे कुणी शिवले तर मला बरे वाटेल. पण त्याहून एक मागणे मोठे आहे. दुखावलेला माणूस दारात आला, की हे बाहेर ठेव, ते बाहेर ठेव, असे त्याला सांगत बसू नका. ओली छत्री तेवढी बाहेर ठेवा. बाकी सगळ्यासकट त्याला आत घ्या.