बोर्डाचं स्थळ

सगुणाआत्यानं जाफराबादहून एसटीत बसायच्या आधीच सांगून टाकलं होतं, की आकांक्षाचं लग्न मशीन हो म्हणेल तर होईल, नाहीतर होणार नाही. आणि मशीन म्हणजे कुठलंही मशीन नव्हे बरं का! जुन्या जालन्यात शरदचंद्रकाकांच्या पुढच्या खोलीत, विणलेल्या रुमालाखाली बसलेला, टीव्हीला जोडून चालवायचा तो जुना घरगुती कंप्युटर.

काकांनी तो तरुणपणी हौसेनं घेतला, पत्रिका जुळवायचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला आणि दारावर ‘संगणकीय गुणमेलन’ अशी पाटी ठोकली. तालुक्या-तालुक्यातून लोक यायचे. त्यातलं एक स्थळ खुद्द सगुणाआत्याचं. छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले, धूमधडाक्यात लग्न लागलं, आणि काही वर्षांतच नवरा परभणीला दुसरं बिऱ्हाड करून मोकळा झाला. आत्या माहेरी परत आली ती कायमची. पण मशीनबद्दल वाकडा शब्द तिनं कधी ऐकून घेतला नाही. “मशीन बराबर व्हती,” ती म्हणायची, “माणूस खराब निघला.” आकांक्षाचे वडील भुजंगराव तिचे धाकटे भाऊ. नाव तेवढं भुजंग, थोरल्या बहिणीसमोर तोंडातून शब्द फुटेल तर शपथ.

मुलगा होता सूरज. एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात वजनकाट्यावर कामाला. आकांक्षा पलीकडच्या बियाण्यांच्या कारखान्यात, बी निवडायच्या यंत्रांचे बोर्ड दुरुस्त करायची. दोघांचं जमलं, सूरजच्या घरचे राजी झाले, जोशीबुवांनी चोवीस गुण काढून दिले. आत्यानं तो कागद बोटानं बाजूला सारला.

“जोशीबुवा माणूस हाय. माणूस भिडंपोटी बोलतो. मशीनला भीड नसती.”

मोबाइलवर फुकटात निघतं असं आकांक्षानं म्हटलं, तर आत्या म्हणाली, “फुकटचं काय खरं?”

तर आता मशीनसमोर चहा पिऊन मंडळी बसली, काकांनी रुमाल काढला, खटका दाबला. टीव्हीवर अक्षरं उमटली, पण प्रोग्रॅमची तबकडी ज्या खोक्यात घालायची ते डिस्क ड्राइव्ह ढिम्म हलेना. दिवा नाही, घरघर नाही, काही नाही.

“थकलं असेल,” काकांच्या पत्नी शरयूकाकू म्हणाल्या.

“मंग आराम पडू द्या त्याला,” आत्या म्हणाली. “मी थांबते.” आणि खरोखरच पिशवीतून धाबळी काढून ती तिथंच दिवाणावर पसरली की हो! आकांक्षानं कपाळाला हात लावला. लग्न तिचं, परीक्षा तिची, आणि परीक्षकाला शुद्धीवर आणायचं तेही तिनंच. तिनं पेचकस मागवला.

ड्राइव्हचं झाकण उघडलं आणि ती बघतच राहिली. खालचा हिरवा बोर्ड दिसतच नव्हता. त्यावर हळदीकुंकवाचा घट्ट लेप, लेपात तांदळाचे दाणे, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आणि एका कोपऱ्यात मुंग्यांनी मांडलेला संसार.

“काका, हे काय?”

“पूजा,” काका अभिमानानं म्हणाले. “दर खंडेनवमीला. लोक नुसतं वरून कुंकू लावतात. आपण आत, थेट त्याच्या मुखात वाहतो.”

“आणि मुंग्या?”

“ती साखर,” काकू म्हणाल्या. “दरवेळी गुण जुळले की चिमूटभर साखर त्याच्या तोंडात घालते मी. गोड बातमी देतं ना ते!”

आकांक्षानं बोर्ड घासला, पुसला, मीटर लावून पाहिला. तांब्याच्या रेघा खाऊन गेल्या होत्या, बोर्ड पार संपला होता. मोटर मात्र ठणठणीत. दुसरा बोर्ड मिळाला तर ड्राइव्ह उठून बसलं असतं. पण असला बोर्ड आता मिळणार कुठं? तिनं सूरजला फोन लावला. सूरजच्या काट्यावर पूर्वी असलाच एक कंप्युटर होता, त्याचं ड्राइव्ह अजून अडगळीत पडलेलं. मोटर गंजलेली, बोर्ड शाबूत. साहेबांची परवानगी काढून, टॉवेलात गुंडाळून, दुपारी तो बोर्ड घेऊन हजर झाला.

आत्या त्याच्याशी बोलायची नाही. होकाराच्या आधी बोलणं म्हणजे अर्धा होकार, असा तिचा हिशेब. ती आकांक्षाला म्हणाली, “त्या पोराला इचार, हा बोर्ड कोणाच्या घरचा?”

“स्टीलच्या कारखान्यातला हाय, आत्या,” सूरज म्हणाला.

“मी त्याला न्हाई इचारलं, तुला इचारलं,” आत्या आकांक्षाला म्हणाली. “लोखंडाच्या घरचा, अन् ह्या पूजेच्या घरात येऊन राह्यला. निभंल का?”

आकांक्षाला वाटलं, काका हसतील. काका कसले हसतात! त्यांनी चष्मा लावला आणि बोर्ड उलटासुलटा करून पाहिला. “सगुणाबाई म्हणतात ते बरोबर आहे. परक्या घरचा बोर्ड आपल्यात कायमचा नांदायला येणार. पत्रिका पाहिल्याशिवाय बसवायचा कसा?”

“पाहा की मग पत्रिका!”

“कशावर पाहू? मशीन बंद आहे.”

आणि गाडी तिथंच अडली. बोर्ड बसवायचा तर पत्रिका पाहायला हवी, पत्रिका पाहायची तर मशीन चालू हवं, मशीन चालू व्हायचं तर बोर्ड बसवायला हवा. काकूंनी पाहुणा आलाय म्हणून पोहे केले. एक बशी सूरजपुढे ठेवली, एक बोर्डापुढे. आकांक्षाला रडावं की ओरडावं कळेना. इतकी शिकले, ती बोर्डासमोर पोहे ठेवलेले बघायला का, असं तिला झालं.

“मी म्हणते, तात्पुरतं राहू द्या दोघांना एकत्र,” ती वैतागून म्हणाली. “जमलं तर लग्न लावा, न्हाई तर न्हाई.”

“लग्नाच्या आधी?” आत्या दिवाणावरून उठली. “ह्या घरात?”

काकूंनी ऐकू आलं नाही असं दाखवून पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरली.

शेवटी तोड निघाली. बोर्ड खोक्यात घालायचा नाही. बाहेर वर्तमानपत्रावर ठेवायचा आणि फक्त वायरी जोडायच्या. काकांनी निवाडाच दिला: वायरी म्हणजे बोलणी, स्क्रू म्हणजे लग्न. आत्यालाही ते पटलं. चारही स्क्रू सूरजच्या तळहातावर ठेवण्यात आले आणि त्याला दारापाशी उभं करण्यात आलं.

आकांक्षानं वायरी जोडल्या. खटका दाबला. काही नाही. तिनं बोर्ड नीट न्याहाळला, तर कोपऱ्यात एक बारीकशी टोपी, म्हणजे ड्राइव्ह पहिलं की दुसरं ते ठरवणारा जंपर, चुकीच्या खुंटीवर. काट्यावर दोन ड्राइव्ह होती आणि हा बोर्ड त्यातल्या दुसऱ्याचा. अजूनही तो स्वतःला दुसराच समजत होता आणि पहिल्याला हाक मारली की गप्प बसत होता.

“काय झालं?” आत्यानं विचारलं.

“ह्याला वाटून राह्यलं, की आपण दुसरे.”

“म्हंजी बिजवर हाय!” आत्या काकांकडे वळली. “ऐका! अन् हे आपल्याला कोणी सांगितलं न्हाई!”

“टोपी बदलली की पहिला होतो, आत्या.”

“माणसाचं बी असं असतं तर…” आत्या म्हणाली आणि वाक्य तसंच सोडून खिडकीबाहेर पाहू लागली.

आकांक्षानं टोपी सरकवली. ड्राइव्हचा दिवा लागला. मोटर घुरघुरली, तबकडी फिरली, आणि टीव्हीवर प्रोग्रॅम उभा राहिला: वराचं नाव? काकूंनी टाळ्या वाजवल्या. सूरजनं मूठ घट्ट आवळली, आतल्या स्क्रूंसकट.

“आधी ह्या दोघांची,” काकांनी बजावलं. “बोलणी चालू आहेत, उगीच लांबवू नका.” बोर्डावर तपासणीचा शिक्का होता, तारखेसकट. मशीनची तारीख खालच्या चिठ्ठीवर. वेळ दोघांचीही सकाळी आठची धरली, कारण कारखाना म्हटला की पहिली पाळी. जन्मगाव मात्र जपान. प्रोग्रॅमला मराठवाड्याबाहेरचं गाव ठाऊक नव्हतं, म्हणून काकांनी त्यातल्या त्यात पूर्वेकडचं म्हणून किनवट टाकलं.

ड्राइव्हनं बराच विचार केला. मग अक्षरं आली. साडेसात गुण. एकनाड. मृत्युषडाष्टक. विवाह वर्ज्य.

काका खुर्चीत मागं टेकले. “संपलं,” ते म्हणाले. “काढ वायरी.”

“काका, अहो, चाललंय ना ते!”

“चाललंय, पण मशीनच नाही म्हणतंय. मशीनचं ऐकायचं नाही, तर मग इतकी वर्षं आपण केलं काय?”

आकांक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. वायरी निघाल्या, की तिची आणि सूरजची पत्रिका निघायची नाही, आणि पत्रिका नाही तर आत्या नाही, आणि आत्या नाही तर वडील मांडवात पाय ठेवायचे नाहीत. तिनं सूरजकडे पाहिलं. तो तळहातावरच्या स्क्रूंकडे पाहत होता. तिनं वायरीला हात घातला.

“थांब,” सगुणाआत्या म्हणाली. “माझी टाक.”

“काय?”

“माझी पत्रिका. माझी अन् परभणीवाल्याची. जल्दी टाक.”

काकांनी मान खाली घातली. आकांक्षानं मुकाट्यानं नावं घातली, तारखा घातल्या. आत्याला दोन्ही पाठ होत्या. ड्राइव्ह घुरघुरलं, दिवा लुकलुकला.

बत्तीस गुण. विवाह अत्युत्तम.

आत्या उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली. पदरानं काच पुसली आणि पुन्हा वाचलं. मग वाकून वर्तमानपत्रावरच्या बोर्डाकडे पाहिलं. त्याचा बारका दिवा चालूच होता. शेजारी पोहे सुकत होते.

“हा साडेसातवाला?”

“हाव, आत्या.”

“अन् ह्यानंच वाचून दाखवलं, मला बत्तीस व्हते म्हणून?”

“हाव.”

“ह्याचं जुळत न्हाई त्याच्यासंगं. तरी काम करून राह्यला.”

“करून राह्यला.”

आत्या कमरेवर हात ठेवून सरळ झाली. “अन् माझा बत्तीसवाला पळून गेल्ता,” ती म्हणाली. हे वाक्य भाच्यांनी, भावानं, गावानं तिच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं, आणि तिनंही नव्हतं. काकूंनी डोळ्याला पदर लावला.

काका चाचरत म्हणाले, “सगुणाबाई, माझा प्रोग्रॅम…”

“तुमचा प्रोग्रॅम बिलकुल बराबर हाय. त्याला काय म्हाइत, कोण नांदंल अन् कोण न्हाई.” तिनं पदर खोचला. “काढू नको गं वायरी. चालून राह्यलेल्या संसारात हात घालू नाही माणसानं.”

आकांक्षानं डोळे पुसले आणि कीबोर्ड पुढं ओढला. “मंग आमची टाकू का आता, आत्या?”

“काय गरज न्हाई.”

काकू साखरेची वाटी घेऊन आल्या आणि सवयीनं चिमूट उचलून ड्राइव्हच्या तोंडाकडे निघाल्या. आकांक्षा किंचाळली. पण तिच्या आधी आत्यानंच काकूंचं मनगट धरलं, वाटी काढून घेतली आणि दारापाशी गेली. दिवसभरात पहिल्यांदा तिनं सूरजच्या तोंडाकडे पाहिलं. पदर डोक्यावरून सारखा केला, साखरेची चिमूट त्याच्या तोंडात घातली आणि हात पुढं केला.

“जवाईबापू,” ती म्हणाली, “स्क्रू द्या.”